फॉस्फेटिंग, तेल आणि नाशिकचा पावसाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबडला फॉस्फेटिंगचं जॉबवर्क करताना जे प्रश्न फोनवर, चलनाच्या पाठीमागे लिहून, नाहीतर टपरीवर चहा पिताना पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वर्कशॉपवाल्यांचे आहेत, थोडे निफाड-पिंपळगावकडच्या बागायतदारांचे आणि दोन-तीन घरगुती. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, त्या जागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॉस्फेटिंग म्हणजे नेमकं काय? रंगासारखा वरून बसणारा थर असतो का?

रंग वरून बसतो, फॉस्फेट पोलादातूनच उगवतं. माल आम्लयुक्त द्रावणात बुडवला की पृष्ठभागावरचं थोडं लोखंड विरघळतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. त्यामुळे धातूला अगदी लागून असलेल्या पाण्यातली आम्लता घटते. आम्लता घटली की जस्ताचं किंवा मँगनीजचं फॉस्फेट द्रावणात विरघळून राहू शकत नाही, त्याचे स्फटिक होऊन तिथेच धातूवर जमतात. नखाने खरवडलं तर सालीसारखं निघत नाही ते याचमुळे.

प्रक्रिया जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे १९१५ साली अमेरिकेत पार्कर रस्ट-प्रूफ कंपनी निघाली. जुन्या ड्रॉइंगवर ‘पार्करायझिंग’ लिहिलेलं दिसतं ते तिच्यामुळे. असं ड्रॉइंग आलं तर घाबरू नका, मागणी फॉस्फेटिंगचीच आहे.

२. फॉस्फेटिंग केलं म्हणजे आता गंज लागणार नाही ना?

लागेल, आणि लवकर लागेल. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. फॉस्फेटचा थर सच्छिद्र असतो, स्फटिकांच्या मधून ओल थेट धातूपर्यंत पोचते. गंज अडवतं ते तेल, आणि फॉस्फेट त्या तेलाला धरून ठेवतं. गुळगुळीत पोलादावर तेल लावलं तर ते ओघळून तळाशी जमतं आणि वरचा भाग उघडा पडतो. फॉस्फेटवर लावलेलं तेल दिव्याच्या वातीत मुरावं तसं मुरतं.

आकड्यांत बघायचं तर अमेरिकी लष्कराचं एमआयएल-डीटीएल-१६२३२ हे मानक घ्या. मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत नुसत्या मँगनीज फॉस्फेटने दीड तास आणि नुसत्या झिंक फॉस्फेटने दोन तास टिकावं, एवढीच त्याची अपेक्षा आहे. तेल लावलेल्या मालाकडून मात्र २४ तासांची अपेक्षा आहे. ‘फॉस्फेट करून द्या, तेल आम्ही नंतर बघू’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हेच आकडे दाखवतो. त्यातले काही ऐकतात.

३. झिंक, मँगनीज आणि आयर्न, यातलं आमच्या मालाला कुठलं?

मालाचं पुढे काय होणार आहे त्यावर ठरतं. वर रंग किंवा पावडर कोटिंग येणार असेल तर पातळ, बारीक स्फटिकांचा थर हवा. आयर्न फॉस्फेट साधारण ०.३ ते १ ग्रॅम प्रति चौरस मीटर बसतं आणि घरात वापरायच्या कपाटा-रॅकना पुरतं. बाहेर उन्हापावसात जाणाऱ्या मालाला १.५ ते ४.५ ग्रॅमचं झिंक फॉस्फेट घ्या.

वर फक्त तेल येणार असेल तर थर जड हवा. वर सांगितलेल्या मानकात झिंकसाठी किमान ११ आणि मँगनीजसाठी किमान १६ ग्रॅम प्रति चौरस मीटर मागितले आहेत. नट-बोल्ट, क्लिप, ब्रॅकेट, सर्क्लिप यांना जड झिंक चालतं. एकमेकांवर घासणारे भाग, म्हणजे गिअर, कॅमशाफ्ट, पिस्टन रिंग, असतील तर मँगनीज घ्या. ते कठीण असतं आणि नवीन गिअर एकमेकांत रुळेपर्यंत धातूला धातू चिकटू देत नाही. बार किंवा वायर ओढणाऱ्यांचं झिंक फॉस्फेट साबणाबरोबर वापरायचं असतं. ते वंगणाचं काम आहे, इथे त्याचा विचार केलेला नाही.

आपल्याकडे आयएस ३६१८ हे भारतीय मानक आहे. त्यात थराच्या वजनावरून वर्ग पाडले आहेत. ड्रॉइंगवर नुसतं ‘फॉस्फेट अँड ऑइल’ असेल तर गिऱ्हाइकाकडून प्रकार आणि वजन लिहून घ्या. तोंडी ठरलेलं रिजेक्शनच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

४. ब्लॅकोडायझिंग आणि फॉस्फेटिंग एकच ना? दोन्ही काळंच दिसतं.

एक नाही. ब्लॅकोडायझिंगमध्ये माल कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइटच्या घट्ट द्रावणात १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतात. त्यात लोखंडाचाच काळा ऑक्साइड तयार होतो, साधारण एक मायक्रॉन जाडीचा. मापात फरक पडत नाही, म्हणून गेज, टूलिंग आणि फिक्स्चरला ते बरं. पण एवढ्या पातळ थरात तेल फारसं मुरत नाही, म्हणून गंजाला तोंड देण्यात जड फॉस्फेट पुढे. दिसायला ब्लॅकोडायझिंग चकचकीत, तर फॉस्फेट पाटीसारखं मंद.

५. ‘सेव्हन टँक’ म्हणतात त्या सात टाक्या कोणत्या?

डीग्रीजिंग (तेल-ग्रीस काढणं), पाणी, डीरस्टिंग (आम्लात गंज काढणं), पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन (गंज रोखणाऱ्या सौम्य द्रावणातली शेवटची बुडवणी). तेलाची टाकी या सातांत धरत नाहीत, कारण ही रचना मुळात रंगाखालच्या कामासाठी रुळली. तेलाचं काम करणाऱ्याने तिला आठवी समजावं.

आणखी एक टाकी बरेच जण गाळतात, ती म्हणजे फॉस्फेटच्या आधीची ॲक्टिव्हेशनची. आम्लात डीरस्टिंग झालेल्या पोलादावर स्फटिक मोठे आणि विरळ उगवतात. झिंकसाठी टायटॅनियमयुक्त आणि मँगनीजसाठी त्याच्या वेगळ्या ॲक्टिव्हेटरमध्ये माल बुडवून काढला की बी दाट पेरल्यासारखे स्फटिक बारीक आणि सलग येतात.

डीग्रीजिंग नीट झालं का हे पाहायला यंत्र लागत नाही. माल पाण्यातून वर काढा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर माल स्वच्छ. पडदा फाटून थेंब जमू लागले तर तिथे तेल आहे आणि फॉस्फेट नेमकं तिथेच बसणार नाही.

६. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. धुण्याला चालेल का?

शेवटच्या धुण्याला नको. या एका विषयावर मी जितका बोललोय तितका रसायनांवर बोललो नाही.

आपल्या भागातल्या काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातले क्षार आणि क्लोराइड स्फटिकांच्या फटीत अडकतात. वरून तेल बसतं आणि माल छान दिसतो. क्यूसी पास होतो, गाडी भरते. मग तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाचा फोन येतो की तेल जागेवर आहे, पण तेलाखालून तांबडे ठिपके फुटलेत. लोक तेलवाल्याला शिव्या घालतात, आणि तेलवाला बिचारा निर्दोष असतो. आत कोंडलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि गंजाला घरातच खाऊ-पिऊ घालतं.

पहिल्या धुण्याला बोअरचं पाणी चालून जातं. फॉस्फेटनंतरच्या धुण्याला नळाचं घ्या, आणि शेवटच्या बुडवणीला शक्य असेल तर डीमिनरलाइज्ड किंवा आरओचं. टाकीत पाणी सतत वाहतं ठेवा. दोन टाक्या ओळीने असतील तर ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडा आणि तिथून ओसंडलेलं मागच्या टाकीत येऊ द्या. माल एका दिशेने आणि पाणी उलट दिशेने गेलं की कमी पाण्यात जास्त स्वच्छता होते.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक टीडीएस मीटर घ्या, घरचं आरओ बसवणारा वापरतो तसलाच चालेल. सकाळी ताज्या पाण्याचा आकडा लिहा, दुपारी शेवटच्या टाकीचा. दोन्हींतलं अंतर वाढत चाललं की पाणी बदलायची वेळ झाली. टाकीतलं पाणी नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘अजून चांगलं आहे’ म्हणणारा सुपरवायझर मी अजून तरी बरोबर ठरलेला पाहिलेला नाही.

७. फ्री ॲसिड, टोटल ॲसिड, टोनर: हे पॉइंट रोज तपासायलाच हवेत का?

दर पाळीला. दहा मिलिलिटर द्रावण घेऊन ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करायचं. फिनॉल्फ्थॅलिनने टोटल ॲसिड कळतं, मिथाइल ऑरेंज किंवा ब्रोमोफिनॉल ब्लूने फ्री ॲसिड. जितके मिलिलिटर लागले तितके पॉइंट. नेमका आकडा रसायन पुरवणाऱ्याच्या तक्त्यावरून घ्या. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांना लावू नका.

फ्री ॲसिड वाढलं की धातू खाल्ला जातो, पण थर नीट बसत नाही आणि माल पिवळसर निघतो. कमी झालं की टाकीत गाळ वाढतो आणि मालावर पांढरी भुकटी चिकटते. टोनर म्हणजे बहुधा सोडियम नायट्राइट. ते सुटणारा हायड्रोजन हटवून प्रक्रियेला वेग देतं. ते जास्त झालं तरीही भुकटीच येते.

टोनर कधीही डीरस्टिंगच्या टाकीजवळ ठेवू नका. नायट्राइट आम्लात पडलं की तपकिरी विषारी धूर निघतो. नवीन पोरगा कामाला आला की मी त्याला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो, हजेरीच्या वहीच्याही आधी.

८. तेल कुठलं लावू? इंजिन ऑइल चालेल का? वापरलेलं?

वापरलेलं अजिबात नको. त्यात जळून तयार झालेली आम्लं आणि पाणी असतं, म्हणजे पैसे न देता गंज विकत घेतल्यासारखं. ताजं इंजिन ऑइल काही दिवस भागवेल, पण ते त्या कामासाठी बनलेलं नाही.

आपल्याला लागतं ते रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल, ज्याला सगळे आरपी ऑइल म्हणतात. त्यातले गंजरोधक रेणू धातूला चिकटून बसतात आणि तेलाच्या शेपट्या बाहेर काढून पाण्याला दूर ठेवतात. ढोबळ तीन जाती लक्षात ठेवा.

ओला माल थेट टाकीत बुडवायचा असेल तर डीवॉटरिंग ऑइल. ते पाण्याला ढकलून स्वतः धातूवर बसतं आणि पाणी तळाला जातं. मात्र तळाचा व्हॉल्व्ह रोज सकाळी उघडून ते पाणी काढावं लागतं. नाही काढलं तर आठवड्यात बास्केटचा तळ तेलात नाही तर पाण्यात बुडत असतो. असा प्रकार मी दोन शेडमध्ये पाहिला आणि दोन्ही ठिकाणी दोष तेलावर ढकलला गेला होता.

माल कोरडा असेल आणि गोदामात बरेच दिवस थांबणार असेल तर जाडसर तेलकट थर देणारं ऑइल घ्या. असेंब्ली लाइनवर जाणारा माल हाताला तेलकट लागू नये असं म्हणणं असेल तर मेणासारखा सुका थर देणारं मिळतं. मात्र पुढच्या टप्प्यावर ते धुऊन काढायला जास्त त्रास होतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

९. फॉस्फेटच्या टाकीतून गरम माल काढून लगेच तेलात टाकला तर छान मुरेल ना?

मुरेल, पण सॉल्व्हंट असलेल्या डीवॉटरिंग ऑइलमध्ये हे करू नका. मँगनीजची टाकी ९० अंशांच्या वर चालते. अनेक डीवॉटरिंग ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते, त्याहून बराच खाली असतो. गरम बास्केट आत गेली की वाफ उठते, आणि शेजारी वेल्डिंग किंवा बर्नर असला तर आग लागायला काही उरत नाही. डब्यावरचा फ्लॅश पॉइंट वाचा आणि माल त्याच्या पुष्कळ खाली येईपर्यंत थांबा. सॉल्व्हंट नसलेल्या, जास्त फ्लॅश पॉइंटच्या तेलात कोमट माल बुडवणं मात्र खरंच फायद्याचं ठरतं.

१०. रात्री माल चांगला होता, सकाळी तांबडा. पावसाळ्यातच असं का होतं?

हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की उघड्या पोलादाचं गंजणं वेग धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या शेडमध्ये रात्रभर त्याच्या वरच आर्द्रता असते. फॉस्फेट झालेला पण तेल न लागलेला माल हा सगळ्यात नाजूक. अंगावर पाणी धरून ठेवणारा स्पंज, आणि संरक्षण शून्य.

माझाच एक लॉट असा गेला. एका जुलैत संध्याकाळी लाइट गेली तेव्हा होइस्टवर दोन बास्केट पाण्याच्या टाकीत होत्या. ‘येईल थोड्या वेळात’ म्हणून आम्ही चहाला गेलो. लाइट आली पहाटे. ब्रॅकेट असे निघाले की गेरू फासलाय असं वाटावं. तेव्हापासून एक नियम आहे: लाइट गेली की आधी पाण्यातल्या बास्केट हाताने ओढून तेलात, मग बाकी सगळं. चेन-पुली त्यासाठीच टांगून ठेवली आहे.

पाळी संपताना लाइनवर अर्धवट माल ठेवू नका. फॉस्फेटच्या आधीचा थांबवता येतो, नंतरचा नाही.

११. मालावर बोटांचे ठसे उमटून तिथेच गंज येतो. माणसाच्या घामात एवढं काय असतं?

मीठ आणि लॅक्टिक आम्ल. काहींच्या हातचा घाम फारच तेज असतो, शेडमध्ये असा एक तरी गडी असतोच. त्याला पॅकिंगला बसवू नका आणि बाकीच्यांनाही हातमोजे द्या. एकदा वापरून भिजलेला सुती हातमोजा म्हणजे घामाचा साठाच, तो रोज बदला.

यातलाच एक आपल्याकडचा प्रकार. खंडेनवमीला टाक्यांची आणि मशीनची पूजा होते, नारळ फुटतो, पाणी उडतं. नारळाच्या पाण्यात क्लोराइड असतं. त्या दिवशी तयार माल लाइनशेजारी ठेवला तर दसरा उलटल्यावर त्यावर शिंतोड्यांच्या आकाराचे डाग दिसतात. पूजा जरूर करा, पण माल आधी झाकून ठेवा.

१२. न्हावा शेवाला पाठवलेला माल इथून कोरडा गेला आणि तिकडे ओला निघाला. पाऊस तर नव्हता.

डिसेंबर-जानेवारीत असं होतं. नाशिकच्या थंडीत रात्रभर गार पडलेलं पोलाद गाडीत भरलं आणि कसारा घाट उतरून किनाऱ्यावरच्या उबदार दमट हवेत गेलं की थंड धातूवर दव धरतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. नंतर कंटेनरमध्येही दिवस-रात्रीच्या फरकाने हेच होत राहतं.

माल भरताना तो खोलीच्या तापमानाला आलेला असू द्या. व्हीसीआय पिशवीत (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या प्लास्टिकच्या) गुंडाळा आणि पिशवीचं तोंड बंद करा. कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. ओल्या लाकडाच्या पेट्या वापरू नका, लाकडातून ओल आणि आम्ल दोन्ही सुटतात. निर्यातीच्या मालाला पातळ डीवॉटरिंग ऑइलवर न थांबता प्रश्न ८ मधलं जाडसर ऑइल वर द्या.

१३. एकाच लॉटमध्ये काही नग काळे, काही करडे. रिजेक्ट करू का?

नुसत्या रंगावरून नाही. पोलादातला कार्बन, मिश्रधातू आणि उष्णोपचार यावर छटा बदलते. थर सलग असेल, भुकटी निघत नसेल आणि वजन बसत असेल तर माल चांगला. मात्र एकाच नगावर चकचकीत उघडे पट्टे असतील तर डीग्रीजिंग चुकलं आहे. नग एकमेकांना चिकटून राहिले असतील तरीही तसंच दिसतं. बॅरल जास्त भरू नका.

१४. थराचं वजन आम्ही स्वतः मोजू शकतो का?

तराजू चांगला असेल तर हो. क्षेत्रफळ माहीत असलेला फॉस्फेट केलेला, तेल न लावलेला नग तोला. तो ५ टक्के क्रोमिक आम्लात साधारण ७४ अंशांवर १५ मिनिटं ठेवा. फॉस्फेट निघतं, पोलादाला धक्का लागत नाही. धुऊन, वाळवून पुन्हा तोला. फरकाला क्षेत्रफळाने भागलं की वजन मिळालं. क्रोमिक आम्ल अत्यंत विषारी आणि कर्करोगकारक आहे. फ्यूम हूड, हातमोजे आणि चष्मा नसेल तर लॅबकडे पाठवा, दोन-पाचशे रुपये वाचवायला जाऊ नका.

१५. साल्ट स्प्रेत ७२ तास टिकलं. म्हणजे बाहेर किती वर्षं?

असा हिशेब होत नाही. एएसटीएम बी११७ प्रमाणे ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सतत सोडतात. बाहेरच्या जगात ऊन, पाऊस, धूळ, वाळणं आणि पुन्हा भिजणं असतं. या चाचणीचा उपयोग आजचा लॉट कालच्यासारखा आहे का एवढं पाहायला. फॉस्फेट-तेलाचा माल तसाही उघड्यावर वर्षानुवर्षं राहायचा नसतो. वर्कशॉप, गोदाम किंवा तेलात फिरणारं गिअरबॉक्स ही त्याची जागा.

१६. फॉस्फेट-तेल झालेल्या मालावर आता पावडर कोटिंग करायचं ठरलंय. थेट करता येईल?

नाही. स्फटिकांत मुरलेलं तेल ओव्हनमध्ये बाहेर येतं आणि पावडरला फोड येतात. तेल पूर्ण काढलं तरी खालचा जड थर अडचणीचाच, वाकवताना तो स्वतःच तडकतो आणि रंग घेऊन सुटतो. फॉस्फेट काढून प्रश्न ३ मधला पातळ थर नव्याने द्या.

१७. १०.९ आणि १२.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट फॉस्फेट केले तर तुटतात असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि दोन वेगळी कारणं आहेत. लोक ती एकच समजतात.

पहिलं हायड्रोजनचं. डीरस्टिंग आणि फॉस्फेटिंग दोन्हींत हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याने फरक पडत नाही. कठीण पोलादात तो ताण असलेल्या जागी गोळा होतो आणि बोल्ट कसल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हात न लावता, कटकन तुटतो. १०.९ ची कठीणता साधारण ३२ ते ३९ एचआरसी (रॉकवेल सी मापावर), १२.९ ची ३९ ते ४४. एमआयएल मानकात ३९ एचआरसी आणि त्याच्या वरच्या मालाला फॉस्फेटनंतर ९८ ते १०७ अंशांवर ८ तास बेकिंग किंवा साध्या तापमानाला १२० तास थांबवणं सांगितलं आहे. प्लेटिंगच्या मालाचं २०० अंशांचं बेकिंग इथे लावू नका, स्फटिकांतलं पाणी उडून थर भुसभुशीत होतो. आणि असा माल आम्लात डीरस्ट करण्याऐवजी शॉट ब्लास्ट करा, म्हणजे छर्र्यांच्या माऱ्याने साफ करा. मुळात शिरलाच नाही तर काढावा लागत नाही.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. कोल्ड फोर्जिंगसाठी वायरवर दिलेलं फॉस्फेट तसंच राहून बोल्ट हार्डनिंगच्या भट्टीत गेला, तर फॉस्फरस पोलादात शिरतो आणि पृष्ठभागावर पांढरा, ठिसूळ थर बनतो. १२.९ ग्रेडला सूक्ष्मदर्शकाखाली असा थर दिसलेला आयएसओ ८९८-१ मध्ये चालत नाही. म्हणून भट्टीच्या आधी जुनं फॉस्फेट काढायचं आणि नवं भट्टीनंतर द्यायचं. बोल्ट तुटला की आधी विचारा: भट्टीच्या आधीचं फॉस्फेट काढलं होतं का?

१८. फॉस्फेटनंतर नट घट्ट जातो, आणि टॉर्कही बदलतो. का?

थर वाढतो तसा धातूही थोडा खाल्ला जातो, म्हणून मापातली वाढ थराच्या पूर्ण जाडीइतकी नसते. तरी आटा आधीच मापाच्या वरच्या टोकाला असेल तर गेज अडकेल. आटा कापतानाच जागा ठेवा. टॉर्क बदलतो कारण तेल मुरलेल्या फॉस्फेटचं घर्षण कोऱ्या पोलादापेक्षा वेगळं असतं. त्याच टॉर्कला बोल्ट कमी-जास्त ओढला जातो. टॉर्क नव्याने ठरवा आणि त्यानंतर तेल बदललं तर पुन्हा ठरवा.

१९. स्टेनलेस, कास्ट आयर्न, नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक करणं) झालेला माल?

स्टेनलेसला बसत नाही, क्रोमियमचा थर आम्लाला आत येऊ देत नाही. नायट्रायडिंग झालेल्यावर नीट बसत नाही. कास्ट आयर्नला चांगलं बसतं, पण त्याच्या छिद्रांत आम्ल शिरून बसतं आणि आठवड्याने पाझरतं, शिवाय डीरस्टिंगनंतर ग्रॅफाइटची काळी पूड वर राहते. कास्टिंग आम्लाऐवजी शॉट ब्लास्टने साफ करा आणि जास्त वेळ धुवा.

२०. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या चवडीवर पांढरी बुरशी आली आहे. फॉस्फेट करून जाईल का?

ती बुरशी नाही, जस्ताचा गंज आहे. नवा पत्रा ओला होऊन चवडीत दाबून राहिला की हवा लागत नाही आणि पांढरा थर फुटतो. पत्रे सुटे करा, वाळवा, हलका थर असेल तर नायलॉन ब्रशने काढून तेलाचं फडकं फिरवा. गॅल्व्हनाइज्ड माल आमच्यासारख्यांच्या डीरस्टिंग टाकीत टाकू नका, जस्त पाहता पाहता विरघळून जाईल. त्यावर रंगासाठी झिंक फॉस्फेट होऊ शकतं, पण द्रावण वेगळं, फ्लोराइड असलेलं लागतं.

२१. द्राक्षबागेतली कात्री, ब्लोअर, ट्रेलर फार लवकर गंजतं. फॉस्फेट करून मिळेल का?

आधी कारण बघा. द्राक्षावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं. शाळेत लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकल्यावर तांबूस झालेला आठवत असेल. चुन्याने ते मिश्रण सौम्य होतं, पण सांडलेल्या आणि साचलेल्या फवाऱ्यातलं तांबं पोलादावर बसतं आणि त्याच्या शेजारचं लोखंड झिजत जातं. त्यावर फॉस्फेट-तेल फार टिकणार नाही, फवाऱ्याबरोबर तेल धुऊन जातं. ब्लोअर आणि ट्रेलरला नीट रंग द्या आणि प्रत्येक फवारणीनंतर साध्या पाण्याने धुवा.

छाटणीच्या कात्रीचं पातं कडक पोलादाचं असतं, आमच्या टाकीत आणू नका, प्रश्न १७ मधलं हायड्रोजनचं कारण. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की धुऊन, पुसून, तेल लावून ठेवा, एवढं पुष्कळ आहे. शीतगृहातले रॅक गंजतात त्याचं कारण निराळं. द्राक्षाच्या पेटीतल्या पॅडमधून सुटणारा सल्फर डायऑक्साइड ओलीबरोबर आम्ल बनतो. तिथे गॅल्व्हनायझिंगवर रंग हवा.

२२. घराच्या ग्रिलला दुकानातलं रस्ट कन्व्हर्टर लावलं तर ते फॉस्फेटिंगच ना? कोल्ड्रिंकने पण होतं म्हणे.

बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं. आमच्या टाकीतल्यासारखा सलग थर येत नाही, पण रंगाआधी उपयोग होतो. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, कन्व्हर्टर लावा, वाळू द्या, मग प्रायमर. काळ्या कोलातही फॉस्फोरिक आम्ल असतं, पण इतकं थोडं आणि साखरेत इतकं बुडालेलं की मुंग्याच जास्त येतील. ‘झिंक फॉस्फेट प्रायमर’ म्हणजेही फॉस्फेटिंग नव्हे, ते फॉस्फेटची पूड घातलेलं प्रायमर आहे.

२३. टाकीच्या तळाचा गाळ कुठे टाकायचा?

नाल्यात किंवा शेडच्या मागे नाही. सातपूर-अंबडचे नाले नासर्डीला मिळतात आणि नासर्डी गोदावरीला. २०१६ च्या घातक कचरा नियमांत धातुपृष्ठ प्रक्रियेखाली फॉस्फेट गाळाची वेगळी नोंद आहे. गळका नसलेल्या ड्रममध्ये साठवा, लेबल लावा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या विल्हेवाट केंद्रालाच द्या आणि कागद जपून ठेवा. गाळ कमी व्हावा असं वाटत असेल तर टाकी विनाकारण जास्त गरम करू नका, बाकी प्रश्न ७ पाहा.

२४. गंजलेला लॉट परत आला आहे. पुन्हा फॉस्फेट करून पाठवू का?

मऊ पोलादाचे ब्रॅकेट-क्लिप असतील तर हो: तेल काढा, जुनं फॉस्फेट आम्लात काढा आणि पहिल्या टाकीपासून सुरुवात करा. वरच्यावर पुन्हा फॉस्फेटच्या टाकीत बुडवून भागत नाही, जुन्या स्फटिकांवर नवे बसत नाहीत. प्रत्येक फेरीत थोडा धातू जातो, म्हणून ग्राइंड केलेली बोअर किंवा बेअरिंगची बैठक असेल तर आधी माप घ्या. कडक माल असेल तर दुसऱ्यांदा आम्लात घालण्याआधी गिऱ्हाइकाची लेखी परवानगी घ्या. तो नाही म्हणाला तर लॉट भंगारात घाला. चलनावर ‘रीवर्क’ असं स्पष्ट लिहा आणि तो माल नव्या मालात मिसळू देऊ नका. आणि टाकीत काही टाकण्याआधी परत आलेल्यातले दोन-तीन नग तसेच, न धुता, बाजूला काढून ठेवा. गंज तेलाखालून आला की वरून, हे त्यांच्यावरूनच कळतं. सगळा लॉट धुऊन काढल्यावर विचारायला फोन केलात तर मलाही काही सांगता येत नाही.